पन्नाशीत भेटलेला बक

माझी सगळी नोकरी जनावरांत गेली, पण जनावर नायक असलेली कादंबरी पहिल्यांदा वाचली ती पन्नाशीला टेकल्यावर. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मी डॉक्टर आहे. भाग माणदेशाचा, सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा. खिलार बैल, माडग्याळ मेंढ्या, शेळ्या आणि आता घरोघर संकरित गाई. लहानपणी आमच्या घरात शाळेची पुस्तकं होती आणि आजोबांच्या पोथ्या होत्या. गोष्टीतलं जनावर म्हणजे पंचतंत्रातला कोल्हा नाहीतर सिंह, माणसासारखा बोलणारा आणि शेवटी शहाणपण शिकवणारा. एका कुत्र्याच्या किंवा घोड्याच्या आयुष्यावर अख्खी कादंबरी लिहिता येते, हे कानावरच आलं नव्हतं.

एका प्रशिक्षणाला पुण्यात गेलो असताना संध्याकाळी अप्पा बळवंत चौकात मुलीसाठी अभ्यासाचं पुस्तक शोधत होतो. जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक जाड इंग्रजी पुस्तक दिसलं. मुखपृष्ठावर लांडग्यासारखा कुत्रा. खांद्याचे आणि पुढच्या पायांचे स्नायू चित्रकारानं इतके बरोबर काढले होते, की मी ते पुस्तक उचललं ते त्या चित्रासाठी. आत जॅक लंडनच्या दोन कादंबऱ्या एकत्र बांधलेल्या होत्या: १९०३ सालची ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ आणि १९०६ सालची ‘व्हाइट फँग’.

माझं इंग्रजी पशुवैद्यकाच्या पुस्तकांवर पोसलेलं. फेटलॉक, विदर्स, डिस्टेंपर हे शब्द तोंडपाठ. पण बर्फ, बोट, तंबू, कपडालत्ता यांचे साधे शब्द दर ओळीला अडायचे. रात्री जेवण झालं, की मोबाइलमध्ये शब्दकोश उघडून वाचायला बसायचो. चार-पाच पानं झाली की डोळे मिटायला लागायचे. पण या संथपणाचा फायदा झाला. गोष्टीत पुढं काय होणार याची घाई उरली नाही आणि लेखकानं कुत्र्याकडं कुठून पाहिलंय, ते नीट दिसायला लागलं.

कादंबरीची सुरुवातच अशी आहे: बक वर्तमानपत्रं वाचत नव्हता, वाचत असता तर आपल्यावर काय येऊ घातलंय हे त्याला कळलं असतं. बक म्हणजे सेंट बर्नार्ड बापाचा आणि स्कॉच शेफर्ड आईचा, १४० पौंडांचा, म्हणजे त्रेसष्ट-चौसष्ट किलोंचा कुत्रा. कॅलिफोर्नियात सांता क्लारा खोऱ्यातल्या एका न्यायाधीशाच्या घरी सुखात वाढलेला. तिकडं उत्तरेला कॅनडातल्या क्लोंडाइकमध्ये सोनं सापडलेलं असतं, १८९७ साली हजारो माणसं तिकडं धावलेली असतात आणि बर्फात ओझं ओढायला त्यांना दांडगे, दाट केसांचे कुत्रे हवे असतात. बंगल्यावरच्या माळ्याच्या हाताखालचा मॅन्युएल एका रात्री बकला दोरीनं धरून नेतो आणि विकून टाकतो.

इथं लंडननं एक छोटं वाक्य टाकलंय. मॅन्युएलला जुगाराचा नाद होता आणि त्याच्या पगारात बायको आणि बरीच पोरं यांचं भागत नव्हतं. लहानपणी वाचलं असतं तर मी हे वाक्य ओलांडून गेलो असतो. मुलाचं सगळं लक्ष कुत्र्यावर असतं. पन्नाशीत मात्र मी तिथंच अडकलो. बकला मॅन्युएलचा हात दिसतो, गळ्यात आवळलेली दोरी कळते. सोनं, जुगार, पगार, पोरं यातलं त्याला काहीच दिसत नाही. वाचणाऱ्याला मात्र दोन्ही दिसतं. कुत्र्याला काय कळतं आणि आपल्याला काय कळतं, यांच्यामध्ये लेखकानं जी जागा मोकळी ठेवली आहे, तिथं या कादंबऱ्या मोठ्या माणसाच्या होतात. पुढं जी जी पुस्तकं वाचली, त्यांत मी हेच शोधत गेलो.

आता पायांची गोष्ट. बकची पावलं घरात वाढलेल्या कुत्र्याची, मऊ. बर्फावर दिवसभर धावून ती सोलवटून निघतात. मुक्कामाला पोचलं की तो मेल्यासारखा पडून राहतो, मासा खायलाही उठत नाही; कुत्र्यांची गाडी हाकणारा फ्राँस्वा त्याचा वाटा त्याच्याजवळ नेऊन देतो. मग रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास फ्राँस्वा त्याची पावलं चोळतो. स्वतःच्या मऊ कातडी जोड्यांचा वरचा भाग कापून बकसाठी चार जोडे शिवतो. एका सकाळी तो ते घालायला विसरतो, तर बक उताणा पडून चारही पाय हवेत हलवत राहतो, जोड्यांशिवाय जागचा हलत नाही. पुढं पावलं घट्ट होतात आणि झिजलेले जोडे फेकून दिले जातात. एवढंच. पण ज्यानं जनावराचा पाय मांडीवर घेतला आहे त्याला कळेल, की हे कुणीतरी बघून लिहिलंय. लंडन स्वतः १८९७ साली, एकविसाव्या वर्षी क्लोंडाइकला गेला होता. सोनं मिळालं नाही, स्कर्व्ही होऊन पुढच्या वर्षी परत आला. तिथल्या डॉसन गावात बाँड नावाच्या दोन भावांचा एक कुत्रा त्यानं पाहिला होता, त्यावरून बक उभा राहिला.

डेव्ह नावाचा कुत्रा मात्र मला आजही छळतो. तो गाडीच्या अगदी जवळच्या जागी जुंपलेला, अबोल, कामाला पक्का. वाटेत त्याला काहीतरी आतलं दुखणं लागतं. मुक्कामाला पोचल्याबरोबर बिळात जाऊन पडतो, गाडीला हिसका बसला की कळवळतो. गाडीवाले सगळे जमून त्याला शेकोटीपाशी आणतात, दाबून दाबून तपासतात. हाड मोडलेलं नाही, कुठं काही सापडत नाही. हा प्रसंग मी कितीदा जगलोय! गोठ्यात कंदिलाच्या उजेडात जनावर पडलेलं असतं, घरचे लोक तोंडाकडं बघत असतात आणि हाताला काही लागत नाही. लंडनही रोगाचं नाव सांगत नाही. डेव्हला आराम पडावा म्हणून जागेवरून काढून मोकळं चालू देतात, तर तो त्याच्या जागी जुंपलेल्या सोल-लेक्सचे पट्टे दातांनी तोडतो आणि गाडीसमोर आपल्या जागेवर जाऊन उभा राहतो. शेवटी त्याला परत जुंपतात, कारण त्याला तेच हवं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठू शकत नाही. बाकीची गाडी नदीकाठच्या झाडांपलीकडं जाते, एक माणूस मागं फिरतो, पिस्तुलाचा आवाज होतो. झाडांमागं काय झालं, हे प्रत्येक कुत्र्याला कळतं.

हा भाग मी एका रात्री गाय व्यायची वाट बघत बसलो असताना तात्यांना सांगितला. तात्या म्हणजे त्या गोठ्याचे मालक, सत्तरी ओलांडलेले, सगळी हयात बैलांमागं गेलेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “डॉक्टर, आमचा सर्जा म्हातारपणी मोकळाच असायचा. पण औताची वेळ झाली की जुवापाशी येऊन उभा राहायचा. हाकलला तरी जायचा न्हाई. म्या रोज त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, मग जायचा.” तात्यांना क्लोंडाइक कुठं आहे ते सांगावं लागलं, डेव्ह कोण ते सांगावं लागलं नाही.

त्याच पुस्तकात हॅल, चार्ल्स आणि मर्सिडीज हे तिघं येतात. शहरातून आलेले, बर्फाचं काही न कळणारे. चौदा कुत्रे जुंपतात आणि चौदा कुत्र्यांना पुरेल एवढं खाणं एका गाडीत मावतच नाही, ही साधी गोष्ट त्यांना ठाऊक नसते. कागदावर पेन्सिलनं हिशोब केलेला असतो: इतके कुत्रे, इतके दिवस, इतका शिधा. आधी हॅल कुत्र्यांना दुप्पट खायला घालतो, मर्सिडीज दया येऊन पोत्यातले मासे चोरून आणखी घालते. मग चौथाई वाट होते तोवर अर्धा शिधा संपतो आणि हॅल एकदम खुराक तोडतो. कुत्रे एकामागून एक मरतात. आमच्याकडं दुष्काळी सालात चारा छावणी बंद व्हायच्या सुमाराला असा पेन्सिलचा हिशोब मी पाहिलाय. जनावराला वाईट माणूस मारतो तसा दयाळू माणूसही मारतो, हे लंडनला पक्कं ठाऊक होतं. क्लोंडाइकच्या त्या गर्दीत व्हाइट पासच्या वाटेवर सुमारे ३००० घोडी मेली असं सांगतात; त्या वाटेला मेलेल्या घोड्यांची वाट असंच नाव पडलं.

‘व्हाइट फँग’ त्या मानानं सैल आहे. शेवट तर मला फारच गोड वाटला. पण सुरुवातीची गुहा विसरता येत नाही. लांडग्याच्या पिल्लाला गुहेचं तोंड ही उजेडाची भिंत वाटते. बाकीच्या भिंतींना नाक लावलं की लागतं, या एका भिंतीत मात्र बाप शिरतो आणि नाहीसा होतो. पिल्लू त्याचा विचार करत नाही. बाप भिंतीत नाहीसा होतो, एवढं स्वीकारून टाकतं. नुकतं डोळे उघडलेलं पिल्लू उजेडाकडं कसं बघतं, हे मी शेकडो वेळा पाहिलं असेल, पण त्याच्या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं.

यावरून अमेरिकेत मोठा वाद झाला होता, हे मला नंतर वाचायला मिळालं. १९०३ साली निसर्गलेखक जॉन बरोज यांनी जनावरांना माणसाची बुद्धी चिकटवणाऱ्या लेखकांवर तोफ डागली. १९०७ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्यात उतरले आणि ‘व्हाइट फँग’मधल्या झुंजी खोट्या ठरवल्या. लंडननं १९०८ मध्ये उत्तर दिलं. त्यात तो म्हणतो, की माझा कुत्रा हा विचार करत नव्हता, फक्त तसं करत होता, हे मी पुन्हा पुन्हा लिहीत आलो, त्यानं गोष्टीचा ओघ तुटला तरी लिहीत आलो. हे वाचल्यावर पुस्तक परत काढून पाहिलं. खरंच, पानोपानी तो स्वतःला आवरताना दिसतो. मी याबाबत लंडनच्या बाजूचा आहे. झुंजीच्या तपशिलात तो कुठं वाहवत गेला असेल, पण जनावराला किती कळतं याची मर्यादा त्यानं प्रामाणिकपणे पाळायचा प्रयत्न केला.

मग ‘ब्लॅक ब्यूटी’ मिळवलं. अ‍ॅना स्यूएल या इंग्लिश बाईंनी लिहिलेलं हे एकच पुस्तक, १८७७ सालचं. चौदाव्या वर्षी पावसात घसरून पायाला इजा झाली ती आयुष्यभर राहिली. चालणं अवघड, म्हणून सगळा प्रवास घोडागाडीतून. आजारपणात पडल्या पडल्या त्यांनी हे पुस्तक सहा-सात वर्षांत पुरं केलं, काही भाग आईला सांगून लिहवून घेतला आणि छापून आल्यावर काही महिन्यांतच, १८७८ मध्ये त्या गेल्या. इथं घोडा स्वतःच बोलतो, आपली कहाणी सांगतो. लंडन वाचून झाल्यावर हे मला आधी खटकलं. पण पंधरा-वीस पानांत लक्षात आलं, की हा घोडा जे सांगतो ते सगळं त्याच्या तोंडातून, मानेतून, खुरांतून गेलेलं आहे. त्यापलीकडचं तो बोलत नाही.

या पुस्तकात एक खास लगाम आहे, बेअरिंग रेन. कडियाळापासून डोक्यावरून मागं नेऊन पाठीवरच्या साजाला अडकवायचा, म्हणजे घोड्याला मान खाली करताच येत नाही. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून श्रीमंतांत ही फॅशन होती. चढ लागला की घोडा मान खाली घालून सगळं अंग ओझ्यावर टाकतो. इथं तेच बंद. ताण पाठीवर आणि पायांवर येतो, श्वासनळी दबते, तोंडाला फेस येतो. ब्यूटीची मालकीण हा लगाम रोज एकेक भोक वर चढवायला सांगते. जिंजर नावाची तांबडी घोडी एक दिवस उसळते, लाथा झाडते आणि कायमची वाईट ठरते. चांगले घोडे खोडकर होतात ते असे, हे मी पशुपालकांना कानी-कपाळी ओरडून सांगत आलो; स्यूएलबाईंनी ते घोड्याच्या तोंडून सांगितलं आणि लोकांनी ऐकलं. त्यांच्या अंत्ययात्रेच्या गाडीच्या घोड्यांना हाच लगाम लावलेला होता आणि त्यांच्या आईनं तो काढायला लावला, असं सांगतात. अमेरिकेत जॉर्ज एंजेल यांनी १८९० पासून या पुस्तकाच्या प्रती गाडीवान आणि तबेल्यातल्या माणसांत वाटल्या.

ज्याच्यासाठी मी हे पुस्तक दोनदा वाचलं तो प्रसंग वेगळाच आहे. आधीच्या घरची मालकीण अत्यवस्थ असते, ब्यूटी रात्री भरधाव धावून डॉक्टरला घेऊन येतो. घामानं निथळणारा घोडा पोरसवदा ज्यो ग्रीनच्या हाती पडतो. तो ब्यूटीचे पाय आणि छाती पुसतो, पण अंगावर ऊबदार झूल टाकत नाही, कारण घोडा गरम आहे, त्याला ती नको असेल असं त्याला वाटतं. वर बादलीभर गार पाणी पाजतो, दाणा-वैरण घालतो आणि सगळं ठीक केलं असं समजून जातो. ब्यूटी कापायला लागतो, फुफ्फुसं सुजतात, मरता मरता वाचतो. ज्योचा बाप म्हणतो, पोराला माहीत नव्हतं हो. त्यावर जॉन हा जुना जाणता माणूस उसळून बोलतो, की नुसतं अज्ञान म्हणू नका, दुष्टपणाच्या खालोखाल जगातली सगळ्यांत वाईट गोष्ट तीच आहे.

माझ्या भागात पोटफुगी झालेल्या गाईला गोडेतेल पाजतात. एकजण शिंगं धरून मान वर ताणतो, दुसरा जीभ ओढून बांबूच्या नळकांड्यानं तेल ओततो. ठसका लागतो, तेल फुफ्फुसात जातं, दोन दिवसांनी मला फोन येतो. पोटफुगी बरी झालेली असते आणि गाय मरत असते. तेल ओतणारा रडत असतो, कारण त्याचा जीव असतो तिच्यावर. अशा दारातून परत येताना मनात जे दाटतं ते दीडशे वर्षांपूर्वी कुणी एका वाक्यात लिहून ठेवलंय, हे बघून त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

घोड्यांच्या बाजाराचं प्रकरण तर आमच्या खरसुंडीच्या, आटपाडीच्या बाजारात घडावं तसं आहे. तोंड उघडून दात बघतात, पाय चाचपतात, चालवून बघतात. ब्यूटीचे गुडघे फुटलेले असतात. दारूच्या नशेत सैल नालेवर घोडा पिटाळणाऱ्या एका माणसामुळं फुटलेले. तेवढ्यानं त्याची किंमत उतरते आणि आयुष्य उतरणीला लागतं. प्रत्येक मालकाकडं त्याचं नाव बदलतं: डार्की, ब्लॅक ब्यूटी, ब्लॅक ऑस्टर, जॅक, ओल्ड क्रोनी. बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा ठरतो तेव्हा बैल शेजारी शेपूट हलवत उभा असतो. मी त्या क्षणी हल्ली बैलाकडं बघतो.

आणि सीडी सॅम. लंडन शहरातला भाड्याच्या घोडागाडीवाला, घोडा पार दमवलेला म्हणून अड्ड्यावर लोक त्याला बोल लावतात. तो सांगतो, की गाडी आणि घोड्यांसाठी मालकाला रोज अठरा शिलिंग द्यावे लागतात. ते फिटल्यावर जे उरेल ते माझं. घोड्याला थांबवलं तर पोरं उपाशी. बोल लावणारे गप्प होतात. ऊसतोडीच्या हंगामात टायरगाडीत वाड्यासकट ऊस इतका भरलेला असतो, की चढावर बैल गुडघ्यावर येतो. खांदेसूज घेऊन ते बैल माझ्याकडं येतात. मी मालकाला रागावतो, आणि मला ठाऊक असतं, की त्यानं पावसाळ्यातच उचल घेतलेली आहे आणि ती फिटायचीय. स्यूएलबाईंचा घोडा सॅमवर रागावत नाही. जिंजर शेवटी अशाच चाकोरीत सापडते. एक दिवस ब्यूटीला अड्ड्यासमोरून एक गाडी जाताना दिसते, तीत मेलेला घोडा, लांब बारीक तांबडी मान खाली लोंबणारी. ती जिंजर असावी असं त्याला वाटतं आणि ती असावी अशी तो आशा करतो, कारण मग तिचे हाल संपले.

रिचर्ड अ‍ॅडम्सची ‘वॉटरशिप डाउन’ मुलीनं दिली. १९७२ सालची, सशांची कादंबरी. गाडीतून जाताना आपल्या दोन मुलींना सांगितलेली गोष्ट त्यांनी पुढं लिहून काढली. बऱ्याच प्रकाशकांनी परत केल्यावर रेक्स कॉलिंग्ज या छोट्या प्रकाशकानं छापली. सुरुवातीलाच फायव्हर या लहान सशाला शेताच्या कडेला एक फळा रोवलेला दिसतो आणि त्याला समोरचं शेत रक्तानं भरलेलं भासतं. फळ्यावर काय आहे ते आपल्याला वाचता येतं: सहा एकर जमिनीवर उत्तम घरं बांधण्यात येणार आहेत. सशांना वाचता येत नाही. इथं मला बकचं वर्तमानपत्र आठवलं. दोन्ही लेखकांनी एकाच जागी बोट ठेवलंय: जनावराचं भवितव्य अशा कागदावर लिहिलेलं असतं, जो त्याला वाचता येत नाही.

अ‍ॅडम्सचे ससे बोलतात, त्यांच्या देवादिकांच्या कथा आहेत, तरी अंगानं ते ससेच आहेत. आर. एम. लॉकली यांच्या १९६४ सालच्या सशांवरच्या अभ्यासाचा त्यांनी आधार घेतला. या सशांना चारपर्यंतच मोजता येतं. त्यापुढं सगळं ‘पुष्कळ’. एफ्राफा या दाटीवाटीच्या, शिस्तीच्या वसाहतीत माद्यांच्या पोटातले गर्भ जन्माला न येता विरघळून जातात. दाटी आणि ताण असला की सशाच्या मादीत हे खरोखर घडतं. कादंबरीत वाचताना अंगावर काटा आला, कारण परीक्षेसाठी पाठ केलेली ती ओळ पहिल्यांदाच कुणाच्या तरी दुःखासारखी समोर आली.

पण त्यातलं खरं भयंकर प्रकरण काउस्लिपच्या वसाहतीचं. तिथले ससे गुबगुबीत, नीटनेटके. शेतकरी बाहेर गाजरं टाकतो, कोल्ह्या-घुबडांचा बंदोबस्त तोच करतो. फक्त कुणी ‘अमका कुठं आहे’ असं विचारायचं नाही. मग बिगविग नावाचा ससा तारेच्या फासात सापडतो. मान आवळलेली, तोंडातून रक्त, तार तोडता येत नाही. शेवटी तार ज्या खुंटीला बांधली आहे ती जमिनीखाली उकरून, लहान चणीच्या सशांकडून कुरतडून काढतात. मी गळ्यात तार अडकलेली कुत्री सोडवलेली आहेत. गाठ कशी सरकते, ओढलं की आणखी कशी आवळते, हे लेखकानं तिळमात्र चुकवलेलं नाही. पण काउस्लिपच्या सशांना फास माहीत असतो, सगळ्यांना माहीत असतो, ही गोष्ट त्या फासापेक्षा जास्त दिवस गळ्याशी राहिली.

अर्नेस्ट थॉम्सन सीटनची लोबोची कथा छोटी आहे, कादंबरी नव्हे, तरी तिच्याबद्दल लिहायलाच हवं. न्यू मेक्सिकोतल्या करमपॉ भागात गुरं मारणारा लोबो हा लांडगा; त्याच्या डोक्यावर हजार डॉलरचं बक्षीस. सीटन स्वतः त्याला मारायला गेला होता. विष, सापळे, काही चालेना. मग त्यानं आधी लोबोची जोडीदारीण ब्लँका हिला मारलं आणि तिच्या वासानं लोबोला सापळ्यात आणलं. लोबो जिवंत हाती लागला, त्यानं अन्नपाण्याला तोंड लावलं नाही आणि सकाळी मेलेला आढळला. ३१ जानेवारी १८९४. आमच्या माळांवर लांडगा आहे. मेंढरं मारली की वन विभागाचा पंचनामा होतो आणि जखमा बघून दाखला मला द्यावा लागतो. मेलेल्या कोकरांपाशी बसलेल्या धनगराला लोबोचं कौतुक सांगायची माझी छाती नाही. त्याचं वर्षाचं उत्पन्न तिथं पडलेलं असतं. पण सीटनची कथा खरी वाटते ती यामुळंच, की ती मारणाऱ्यानं लिहिली आहे आणि तो स्वतःला सोडत नाही.

एवढं झाल्यावर मी आमच्याच तालुक्यातल्या माणसाकडं वळलो. व्यंकटेश माडगूळकरांचं माडगुळं इथून जवळ. ‘बनगरवाडी’ आणि ‘माणदेशी माणसं’ आम्हाला घरची. ‘सत्तांतर’ मात्र राहून गेलं होतं. वानरांच्या टोळ्यांची ही छोटेखानी कादंबरी. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हद्दीसाठी भांडणं, जुन्या म्होरक्याला हुसकून नव्या नरानं टोळी घेणं, आधीची पिल्लं मारली जाणं. हे कल्पनेतलं नाही. युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकानं १९६० च्या दशकात धारवाडजवळच्या वानरांत ते पाहून नोंदवलं होतं. माडगूळकर वानरांच्या तोंडी माणसाची वाक्यं घालत नाहीत आणि पिल्लू मेलेल्या मादीसाठी रडतही नाहीत. लंडनला ज्यासाठी पुन्हा पुन्हा स्वतःला आवरावं लागलं, ते माडगूळकरांना सहज जमलंय. माझ्या मते या सगळ्यांत अंगाला सर्वांत चोख पुस्तक हेच. लंडनच्या आधी वाचलं असतं तर त्यातला संयम मला इतका कळला नसता.

कुणाला वाचायचं असेल तर एक सांगणं आहे: मुलांसाठी चित्रं घालून संक्षिप्त केलेल्या प्रती घेऊ नका. मी एक चाळून पाहिली. त्यात डेव्ह नाही, मॅन्युएलचा पगार नाही, सीडी सॅमचे अठरा शिलिंग नाहीत. उरतो तो शूर कुत्रा आणि सुंदर घोडा. इंग्रजी जड वाटत असेल तर राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं ‘पाडस’ घ्या. त्यात हरणाच्या पाडसाचा प्रश्न शेवटी मक्याच्या पिकावर येऊन ठेपतो, आणि घरात वर्षाचं धान्य किती आहे हे लेखिकेनं आधीच सांगून ठेवलेलं असतं.

लंडनचं ते जाड पुस्तक सध्या आमच्या दवाखान्यातल्या पशुधन पर्यवेक्षकांकडं आहे. ते डेव्हपर्यंत पोचलेत. त्यांचं म्हणणं, त्याच्या आतड्याला पीळ पडला असणार. मला ते पटत नाही. पीळ पडलेला कुत्रा एवढे दिवस गाडी ओढणार नाही. पोटात जुनी गाठ असावी आणि ती हळूहळू रक्त सोडत असावी, असं माझं मत आहे. ते म्हणतात, मग फक्त हिसका बसल्यावरच का कळवळायचा? उद्या लसीकरणाला दोघं एकाच गाडीवरून जायचोय, तेव्हा बोलू.